मनिषाच्या खुणा

मनिषाला पेट्रोल पंपावरची नोकरी आवडायची. नांदेडहून लातूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर, लोह्याच्या अलीकडं तो पंप होता. ट्रकांचा तिथं इतका आवाज असतो की बोलत्या माणसांनाही हातानंच बोलावं लागतं, असं धाकट्या बहिणीनं, दिपालीनं, तिला सांगितलं होतं. मनिषाला आवाज ठाऊक नव्हता, पण हात दिसत होते. गिऱ्हाईक काचेतून बोटं दाखवायचं, ती मीटरवरचं शून्य दाखवायची, टाकी भरली की अंगठा. दवाखान्यात, बँकेत, लग्नाच्या मांडवात ती बहिरी होती. पंपावर ती नुसती पंपावरची बाई होती.

दिपाली नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. मनिषा लातूरच्या मूकबधिर शाळेत वसतिगृहात राहून दहावी झाली, आणि प्रत्येक सुट्टीत घरी येताना नव्या खुणा घेऊन यायची. त्या सगळ्या तिनं दिपालीला शिकवल्या. दिपाली वाचायला शिकली त्याच्या आधी हातांनी भांडायला शिकली होती. आई कोंडाबाई मात्र खुणांच्या वाटेला गेली नाही. शाळेत खिचडी शिजवून, घरी येऊन पुन्हा चूल पेटवणाऱ्या बाईला तेवढी सवड कुठली? ती ओठ हळूहळू हलवायची आणि मनिषा त्यावरून ओळखायची.

त्या वर्षी कॉलेजांची एक कोडिंग स्पर्धा निघाली. अपंगांसाठी सॉफ्टवेअर बनवायचं आणि ते ओपन सोर्स ठेवायचं, एवढीच अट. दिपाली आणि तिच्या वर्गातला सत्यम यांनी 'खूण' नावाचं अॅप करायला घेतलं. चित्रावर बोट ठेवलं की त्या शब्दाची खूण करणारी बाई पडद्यावर येणार. चित्रं ठेवायची कल्पना सत्यमची. ज्याला वाचता येत नाही त्यालाही शिकता यावं, असं त्याचं म्हणणं होतं. आणि खूण करणारी बाई म्हणजे मनिषा.

घराच्या गच्चीवर भिंतीला निळी चादर लावून त्यांनी चित्रण केलं. सुरू करण्याआधी दिपालीनं हातातला फोन खाली ठेवला आणि ताईला समोर बसवलं.

"हे सगळं उघडं राहणार," ती हातांनी म्हणाली. "कुणीही घेईल, वापरेल, बदलेल. आपल्याला विचारणार नाही."

"चोर?"

"चोर नाही. दार आपणच उघडं ठेवायचं."

मनिषानं थोडा विचार केला. "बहिरी पोरं येतील?"

"येतील."

"मग ठेव उघडं."

खुणांच्या भाषेत चेहरा म्हणजे अर्धं वाक्य असतं. भुवया वर गेल्या की प्रश्न, गाल फुगले की मोठं, जीभ किंचित बाहेर आली की कंटाळा. गल्लीतल्या बायका लहानपणापासून कोंडाबाईला सांगायच्या, पोरगी तोंड लई वेडंवाकडं करती, जरा सांग तिला. मनिषानं त्यामुळं चारचौघांत चेहरा आवरायची सवय लावून घेतली होती. गच्चीवर तिनं तो मोकळा सोडला. पाणी, घर, भूक, गाय, लग्न, सासू, बाळ, काम. असे तीनेकशे शब्द झाले.

स्पर्धेची शेवटची फेरी लातूरला झाली. मनिषा स्टेजवर उभी राहिली. दिपालीनं आधीच माइकवरून सांगून ठेवलं होतं, म्हणून सगळ्या सभागृहानं टाळ्या वाजवण्याऐवजी दोन्ही हात वर करून हलवले. वाऱ्यावर शेत हलावं तसं ते दिसलं. दुसरं बक्षीस मिळालं. परतताना गाडीत दिपालीला झोप लागली, मनिषाला लागली नाही.

अॅप हळूहळू पसरत गेलं. कुठल्या शाळेतून, कुठल्या आईकडून दिपालीला निरोप यायचे आणि ती ते मनिषाला दाखवायची. असे चार-पाच महिने बरे गेले.

मग एके दिवशी पंपावर एक लाल गाडी आली. चार पोरं होती. चालवणाऱ्यानं काच खाली घेतली, मनिषाकडं बघितलं आणि हातांनी 'लग्न' ही खूण केली.

मनिषाला इतका आनंद झाला की नोझल जागेवर ठेवायचंही तिला सुचलं नाही. ते पंपावरच्या दुसऱ्या पोराकडं देऊन ती खिडकीशी गेली. पंपावर दोन वर्षांत तिच्याशी कुणी तिच्या भाषेत बोललं नव्हतं. "तू बहिरा? कुठून आलास? कुठली शाळा?" तिनं एका दमात विचारलं. त्या पोरानं पुन्हा 'लग्न' केलं. मग 'भूक'. मग 'सासू'. शब्दांना शेंडा-बुडखा नव्हता. खूण करताना त्यानं जीभ पार हनुवटीपर्यंत लोंबवली होती. तेव्हा तिला मागच्या सीटवरचा फोन दिसला, तिच्यावर रोखलेला. आणि तिघांचे हलणारे खांदे दिसले.

पंपाचा मॅनेजर भागवत केबिनमधून धावत आला तोवर गाडी निघून गेली होती.

रात्रीपर्यंत ते चित्रण सगळीकडं झालं होतं. मागं पंपाची पाटी स्पष्ट दिसत होती, आणि पुढं दोन्ही हातांनी प्रश्न विचारणारी मनिषा. दिपालीनं शोधलं तेव्हा मूळ प्रकारही सापडला. सोशल मीडियावरच्या एका पानावर अॅपमधल्या मनिषाच्याच खुणा घेऊन, त्यांना गाणी लावून, खाली भलतीच वाक्यं लिहिली होती. हजारो लोक हसून गेले होते.

"खाली काय लिहिलंय?" मनिषानं विचारलं.

"काही नाही, ताई."

मनिषानं फोन तिच्या हातातून घेतला. दहावी झालेली बाई ती. एकेक वाक्य वाचलं, सगळी वाचली, आणि फोन परत दिला.

"काढून टाक."

"आपल्या इथून काढते. पण ज्यांनी आधीच उतरवून घेतलंय, त्यांच्याकडं..."

"दार बंद कर."

"दार बंद होईल गं," दिपालीचे हात अडखळले, "पण आत येऊन गेलेली माणसं..."



पोलिसांत तक्रार झाली. ते पान बंद झालं, दुसऱ्या नावानं पुन्हा उघडलं. सत्यम घरी आला. मनिषाच्या जागी कार्टून घालू, पण त्याला वेळ लागेल, तोवर राहू दे, शाळांतली लेकरं त्यावर शिकून राहिलीत, असं तो दिपालीला समजावत होता. मनिषा समोरच बसली होती. तो बोलताना एकदाही तिच्याकडं बघत नव्हता. दिपालीनं त्याचं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी सगळी चित्रणं काढून टाकली. अॅप उघडायचं, चित्रं दिसायची, चित्रावर बोट ठेवलं की पांढरा चौकोन यायचा.

त्यानंतर मनिषाचे हात गप्प झाले. जेवताना ती दिपालीला फोनवर लिहून द्यायची: भाजी वाढ. उद्या लवकर जायचंय. रस्त्यानं चालताना हात ओढणीत असायचे. कोंडाबाईला खुणा कधी समजल्या नव्हत्या, तरी आधी तिच्याच ध्यानात आलं.

"दिपे, ही बोलंना गेली की गं," एकदा ती चुलीपाशी म्हणाली. "तिचं बोलणं मला कवाच कळलं न्हाई. पर घरात हाय, हे कळायचं."

भागवत माणूस चांगला होता. पंपावरच्या पोरांना त्यानं ताकीद देऊन ठेवली, बाईसमोर कुणी हातवारे करताना दिसला तर सोडायचा नाही, धरायचा आणि मला हाक मारायची. मनिषालाही त्यानं ते फोनवर लिहून दाखवलं. तिनं मान हलवली.

उन्हाळा सुरू झाला होता. एका दुपारी गर्दी ओसरल्यावर पांढरा शर्ट घातलेला, खांद्याला पिशवी अडकवलेला एक तरुण हवा भरायच्या मशीनपाशी येऊन उभा राहिला. गाडी नव्हती त्याच्याकडं. तो मनिषाकडं बघत होता. एकदा फोनमध्ये बघायचा, एकदा पंपाच्या पाटीकडं, एकदा तिच्याकडं. मग तो सरळ तिच्यापुढं आला आणि त्यानं हात उचलले.

'पाणी.' मग 'घर.'

 तिनं पाठ फिरवली. तो वळसा घालून पुन्हा समोर आला. तिनं पुन्हा तोंड फिरवलं. तेव्हा त्यानं मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला.

बहिरी माणसं एकमेकांना अशीच बोलावतात. शाळेच्या वसतिगृहात दिवसातून शंभरदा तिच्या खांद्यावर असा हात पडायचा. पण त्या क्षणी मनिषाला शाळा आठवली नाही. ती ओरडली. आपली किंकाळी कशी असते हे तिला ठाऊक नव्हतं. तिला फक्त पंपावरची सगळी डोकी एकदम वळलेली दिसली.

पोरं धावली. दोघांनी त्याचे हात मागं पिरगाळून धरले, तिसऱ्यानं कॉलर पकडली. भागवत त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन काहीतरी विचारत होता. तो तोंड उघडत होता, मान हलवत होता, पण उत्तर देत नव्हता. भागवतनं त्याचा फोन काढून घेतला. पडद्यावर तेच चित्रण होतं, लाल गाडीतलं, पंपाच्या पाटीवर थांबवलेलं. भागवतनं तो फोन सगळ्यांना दाखवला. मग कुणी काही विचारायचं राहिलं नाही. पहिली थप्पड पडली, मग दुसरी. त्यानं सुटायला धडपड केली तसा मागच्या पोरानं हात आणखी वर ओढला.

मनिषा बघत उभी होती. तिला बरं वाटत होतं. हे तिनं पुढं दिपालीला सांगितलं, आणि सांगताना बहिणीकडं बघितलं नाही.

धडपडीत त्याचा डावा हात सुटला. त्यानं तो छातीपुढं आणला आणि घाईघाईनं एक खूण केली. 'काम'. ती करताना त्याची करंगळी वाकडी होती.

मनिषानं ते बोट ओळखलं. गच्चीवर 'काम' चित्रित केलं त्या दिवशी तिच्या करंगळीला पट्टी होती, आदल्या दिवशी केबिनच्या शटरमध्ये सापडली होती. बोट सरळ होत नव्हतं, म्हणून तिनं ती खूण वाकड्या करंगळीनं केली होती. दिपाली म्हणाली होती, नंतर पुन्हा घेऊ, आणि मग राहूनच गेलं. टवाळी करणाऱ्यांना असलं काही दिसत नाही. त्यांना जीभ दिसते, भुवया दिसतात. हे बोट फक्त त्यालाच दिसणार, ज्यानं ती खूण शंभर वेळा बघून, आपल्या हातानं पुन्हा पुन्हा करून, तशीच्या तशी उचलली असेल.

हा बहिरा होता. तो मघापासून बोलायचंच बघत होता, आणि त्यांनी त्याचे हात धरले होते. एखाद्याचं तोंड दाबून धरावं आणि वर विचारावं, बोल, कोण आहेस तू, तसं चाललं होतं.

ती मध्ये घुसली. पोरांना ढकललं, भागवतच्या हातातला फोन हिसकला, स्वतःच्या कानावर बोट ठेवलं, मग त्या तरुणाच्या कानाकडं बोट केलं. पुन्हा आपला कान, पुन्हा त्याचा कान. भागवतला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. पोरांनी हात सोडले. तरुणाचा उजवा हात मनगटातून विचित्र लोंबकळत होता.

केबिनमधल्या खाटेवर त्याला बसवलं. ओठातून रक्त येत होतं. डाव्या हातानं तो मनिषाशी बोलला. त्याला शब्द तेवढेच येत होते जेवढे अॅपमध्ये होते, म्हणून त्याचं बोलणं लहान लेकरासारखं होतं.

"फोन. बाई. रोज. सकाळ, बाई. संध्याकाळ, बाई. आता बाई नाही. पांढरं. बाई कुठं? पांढरं. मी बस. मी आलो."

मनिषानं तोंडावर हात ठेवला. ते दार तिनंच बंद करायला लावलं होतं.

भागवतनं त्याला आपल्या गाडीतून लोह्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं, मनिषाही सोबत गेली. हाड मोडलं होतं, प्लास्टर घातलं. खिशातल्या कागदावरच्या नंबरवर फोन लावला तेव्हा समजलं, त्याचं नाव रामलिंग, गाव देवणीजवळ. दिवस मावळायच्या सुमारास त्याचा थोरला भाऊ आला. भागवतनं त्याच्यापुढं हात जोडले. भावानं त्याला एक शब्द ऐकवला नाही. मनिषाकडं मात्र तो असा बघत गेला, की तिनं मान खाली घातली.

भागवतनं तिला लिहून दाखवलं: चूक माझी हाय, तुझी न्हाई.

तिनं त्याच्याखाली लिहिलं: ओरडले मी.

झाल्या प्रकारानं पंपाचा मालक बिथरला होता. थोडे दिवस घरीच राहा, असा निरोप त्यानं दिला.

त्या रात्री मनिषानं कितीतरी दिवसांनी ओढणीतून हात बाहेर काढले आणि दिपालीला सगळं सांगितलं. थप्पड सांगितली, करंगळी सांगितली, आपल्याला बरं वाटलं तेही सांगितलं. दिपाली रडायला लागली. कोंडाबाई तिला हलवून विचारू लागली, "काय झालं? काय म्हणून राहिली ती?" दिपालीनं अडखळत सगळं आईच्या कानावर घातलं.

कोंडाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग मनिषाकडं तोंड करून, ओठ सावकाश हलवत म्हणाली, "मंग जाऊन ये की त्येच्या घरी. हितं बसून काय व्हतंय?"

रविवारी दोघी बहिणी निघाल्या. नांदेडहून उदगीर, उदगीरहून देवणी, तिथून पुढं काळीपिवळी जीप. घर गावाबाहेर शेतात होतं. रामलिंगची आई कस्तुराबाई अंगणात तूर पाखडत बसली होती. कपाळाला विभूती, डोक्यावर पदर. कोण, कुठल्या, हे समजताच ती सूप टाकून उठली.

"मारून आता बघाया आलात व्हय?"

दिपाली थबकली. मनिषानं तिचा दंड धरला. "सगळं सांग मला. एक शब्द गाळू नको."

मग कस्तुराबाई बोलत राहिली आणि दिपाली तिच्या शेजारी उभं राहून हातांनी ते मनिषापर्यंत पोचवत राहिली. रामलिंग चौथीपर्यंत गावच्या शाळेत नुसता बसून होता. मास्तरांना त्याचं काय करावं कळलं नाही. पुढं बाप गेला, तो गुरांमागं लागला. घरात चार-दोन खुणा होत्या, जेव, चल, पाणी पाज. तेवढ्यावर पंचवीस वर्षं काढली. मग भाच्यानं फोनमध्ये काहीतरी घालून दिलं.

"फोनमंदी ती बाई आली आन माझं पोरगं हसाया लागलं," कस्तुराबाई म्हणाली. "गोठ्यात बसून गाईला हात करून दावायचं. म्या म्हनलं, येडं झालं का काय. मंग मलाबी शिकवाया लागलं. आन एक दिशी बाई गेली. दोन दिस जेवला न्हाई त्यो. मंग भाच्यानं फोनमंदल्या पाटीवरनं पंप वळकून दिला, आन मेली का काय बाई, म्हनून ह्यो हुडकाया निघाला. एकटा. जलमात कवा एकटा उदगीरच्या पुढं गेला न्हाई."

मध्येच तिनं आडनाव विचारलं. दिपालीनं सांगितलं. जात कळल्यावर तिच्यात काही बदललं की नाही, हे मनिषाला ओळखता आलं नाही. बाई आधीच इतकी रागात होती.

"गोठ्यात हाय," शेवटी ती म्हणाली आणि सूप उचललं.

रामलिंग डाव्या हातानं देवणी जातीच्या गाईपुढं कडबा टाकत होता. गळ्यात अडकवलेलं प्लास्टर धुळीनं मळलं होतं. त्यानं मनिषाला बघितलं आणि कडबा टाकत राहिला. ती त्याच्या नजरेच्या वाटेत जाऊन उभी राहिली. तो दुसऱ्या गाईकडं गेला. तीही गेली. तिच्या मनात आलं, पंपावर तोही असाच वळसा घालत होता.

शेवटी तो थांबला. तिनं मूठ छातीवर ठेवून गोल फिरवली. माफ कर.

तो बघत राहिला. तिनं पुन्हा केली. त्याच्या भुवया जवळ आल्या. राग नव्हता तो. त्याला ती खूण येतच नव्हती.

मनिषाचे हात खाली आले. त्या तीनशे शब्दांत 'माफी' नव्हती. दिपाली आणि सत्यमनं शब्द निवडले होते, परीक्षकांना आवडतील असे, रोजच्या उपयोगाचे. फळं होती, भाज्या होत्या, सगळी वाहनं होती. 'राग' नव्हता. 'भीती' नव्हती. 'का' सुद्धा नव्हतं. तीन वर्षांच्या पोराला लागतात ते शब्द घालायचे राहिले होते, आणि ते राहिलेत हे तिलाही गच्चीवर सुचलं नव्हतं.

आता माफी मागायची तर आधी तो शब्द त्याला शिकवावा लागणार होता. आणि शिकवायचा तर तो दिवस पुन्हा करून दाखवावा लागणार होता.

तिनं गोठ्यातच सुरू केलं. पाठ फिरवून उभी राहिली. आपल्याच खांद्यावर हात ठेवला, दचकली, तोंड उघडून ओरडली. दारातून दिपाली पुढं आली, मनिषानं तिला हातानं थांबवलं. मग तिनं पोरं धावताना दाखवली. थप्पड दाखवली, दुसरी दाखवली. स्वतःचे हात मागं नेऊन पिरगाळले. रामलिंगनं मान बाजूला केली. ती थांबली नाही. मग तिनं उभी असलेली, बघत असलेली मनिषा दाखवली. हात बांधून, हनुवटी वर करून. तो चेहरा तिनं आवरला नाही, जसा होता तसा दाखवला. त्यानंतर आपल्याकडं बोट केलं, त्याच्या प्लास्टरकडं बोट केलं, आणि मूठ छातीवर ठेवून गोल फिरवली.

गाय मान हलवत होती. रामलिंग तसाच उभा होता, हातात कडब्याची पेंडी धरून. मग त्यानं पेंडी खाली ठेवली. डाव्या हाताची मूठ केली, छातीवर ठेवली आणि फिरवली. एकदा चुकलं. दुसऱ्यांदा नीट केलं, आणि तिच्याकडं बघितलं, बरोबर आलं का, असं विचारणाऱ्या डोळ्यांनी.

बरोबर आलं होतं. तिनं मान हलवली. त्यानं आपल्याला माफ केलं, की नुसता एक नवा शब्द शिकून घेतला, हे मात्र तिला समजेना. सांगायला त्याच्याकडं शब्द नव्हते, आणि विचारायला तिच्याकडं धीर नव्हता.

निघताना कस्तुराबाईनं दोघींना पाणी दिलं. मग ती मनिषापुढं उभी राहिली आणि थेट तिच्याशी बोलली, इतकं सावकाश की दिपालीची गरज पडली नाही.

"आज आलीस. उद्या येशील? परवा येशील?"

मनिषानं नाही म्हणून मान हलवली. खोटं बोलून भागणार नव्हतं. मग तिनं फोन काढला, चेहऱ्यासमोर धरला आणि रोज, अशी खूण केली. ही खूण कस्तुराबाईला येत होती. मुलानंच शिकवली असणार.

"बघू," बाई म्हणाली.

उदगीरच्या स्टँडवर बसची वाट बघताना दिपालीनं विचारलं, "परत टाकू सगळं?"

"टाक."

"ते पुन्हा करतील, ताई."

"करतील."

"सत्यम कार्टून करून देतो म्हणतोय. तुझा चेहरा नसेल त्यात."

"चेहऱ्याशिवाय काय बोलणार?" मनिषा म्हणाली. शेजारच्या बाकावरची माणसं बघायला लागली तरी तिनं हात थांबवले नाहीत. "आणि राहिलेले शब्द घ्यायचेत. 'का' घ्यायचा. 'भीती' घ्यायची."

त्यांनी ते केलं. नवे शब्द त्याच गच्चीवर, त्याच चादरीपुढं घेतले. पंधरवड्यात टवाळी पुन्हा सुरू झाली, या खेपेला 'भीती'वर. दिपालीनं बघितलं, तक्रार केली आणि ताईला सांगितलं. मनिषानं फोन मागितला नाही. पंपावर तिला परत घेतलं, पण मागच्या बाजूला, हवा भरायला. टायरांपाशी वाकलं की गाड्यांच्या काचा दिसत नसत.

रामलिंग काही दिवस तिचा व्हिडिओ कॉल उचलायचा, काही दिवस नाही. का उचलला नाही, हे त्याला विचारता येईल असा शब्द आता दोघांकडं होता. तिनं तो वापरला नाही. प्लास्टर निघालं तेव्हा त्याचं मनगट पुरतं वळत नव्हतं, म्हणून त्याच्या खुणा थोड्या बोबड्या झाल्या होत्या. मनिषाला त्या समजायच्या. एखादी नाही समजली तर ती पुन्हा म्हणायला लावायची आणि तो न कंटाळता पुन्हा म्हणायचा. तो गाईबद्दल बोलायचा, आईबद्दल, शेतातल्या पाण्याबद्दल. पंपाचं नाव त्यानं कधी काढलं नाही.